टोळीनं खोल पाण्यात उतरताना

सौंसरहून समुद्राला जायचं म्हणजे आधी नागपूर, मग चेन्नई नाहीतर कोलकाता, तिथून अंदमान आणि पुढे बोटीनं स्वराज द्वीप. 2018 मध्ये नाव बदललं, तरी लोकांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. एवढा पल्ला मारून, सुट्ट्या जुळवून गेलेल्या ग्रुपला एकही दिवस कोरडा घालवायचा नसतो. रिब्रीदर घेऊन खोल उतरणाऱ्यांना तर नाहीच नाही. माझं सांगणं या उतावळेपणाबद्दल आहे. मासे आणि प्रवाळ यांच्याविषयी सांगणारे पुष्कळ आहेत.

साध्या स्कूबात सोडलेला श्वास बुडबुडे होऊन निघून जातो. 40 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट असतो, म्हणून गॅसही पाचपट वेगानं संपतो आणि सिलिंडरच तुम्हाला वर पाठवतो. रिब्रीदर तोच श्वास फिरवून परत देतो. डब्यातला सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषतो, सेन्सर ऑक्सिजन मोजतात आणि कमी पडेल तेवढा पुन्हा भरला जातो. बुडबुडे नाहीत, गडबड नाही, मासे अगदी जवळ येतात. पण गॅस संपायची धास्ती गेली की वर यायची घाईही उरत नाही, आणि शरीरात वायू मुरत राहतो. किती वेळ खाली राहायचं हे आता सिलिंडर ठरवत नाही, तुम्हाला ठरवावं लागतं.

आम्ही गेलो त्या खेपेला आमच्यात रिब्रीदरवाले मोजकेच होते. एका सकाळी बोट सुटायची घाई होती. एकानं सोडा लाइमचा डबा आदल्या रात्री भरला होता, पण दाणे सैल राहिले होते. ते नंतर उघडल्यावर कळलं. दाणे सैल असले की श्वास मधल्या वाटेनं न गाळताच निसटतो. बोटीवर बसून पाच मिनिटं यंत्रातून श्वास घेण्याची चाचणी त्यानं केली होती आणि त्याला काही जाणवलं नव्हतं. या चाचणीवर फार विसंबू नका. ऑक्सिजनचा घोळ तिच्यात पकडता येतो, पण कार्बन डायऑक्साइड साचतोय हे कित्येकांना बसल्या जागी कळत नाही. अंगमेहनत सुरू झाली की कळतं.

आम्ही 38 मीटरवर प्रवाहाविरुद्ध पाय मारत होतो. त्याचा श्वास भराभर व्हायला लागला, डोळे मोठे झाले. मी बेलआउटची, म्हणजे यंत्र सोडून बाजूच्या सिलिंडरवर यायची, खूण केली. त्यानं हातानंच ‘ठीक आहे’ म्हटलं. धाप लागलेल्या माणसाला तोंडातलं यंत्र क्षणभरही काढवत नाही. पुन्हा खूण केली, त्याचा सिलिंडरचा रेग्युलेटर त्याच्या समोर धरला, तेव्हा त्यानं तो घेतला. मग अंगात मुरलेला वायू हळूहळू निघावा म्हणून वाटेत थांबे पाळत आम्ही वर आलो. बोटीवर त्याला ऑक्सिजन लावला. डोकं तर खालीच जड झालं होतं, असं तो म्हणाला. मग सांगितलं का नाही? “सगळ्यांची डाइव्ह खराब झाली असती ना भाऊ.”

सैल डब्यापेक्षा मला हे वाक्य जास्त घातक वाटतं. आम्ही गोटमारीच्या मुलखातली माणसं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात, तिथं मागं सरण्याला मान नाही. बोटीवरही “काऊन बे, भेला का?” हे ठरलेलं. म्हणून निघण्याआधी घरीच बसून एक नियम सगळ्यांकडून कबूल करून घ्या : कोणीही, केव्हाही, कारण न सांगता अंगठा वर केला की डाइव्ह संपली. पाण्यात अंगठा म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. त्याची थट्टा करणाऱ्याला पुढच्या खेपेला नेऊ नका, मग तो सख्खा मावसभाऊ का असेना.

बेलआउटचा हिशेब कागदावर मांडा. 11 लिटरचा सिलिंडर 200 बारनं भरला की 2200 लिटर गॅस होतो. घाबरलेला माणूस मिनिटाला सहज 40 लिटर ओढतो, म्हणजे 40 मीटरवर 200 लिटर. अकरा मिनिटांत सिलिंडर रिकामा. त्यात वर येणं आणि थांबे बसत नसतील तर खोली कमी करा, नाहीतर सिलिंडर वाढवा. सोडा लाइम, ऑक्सिजन आणि बोटीवरची ऑक्सिजनची किट आहे का, हे डायव्ह सेंटरला आधी लेखी विचारा. “मिळून जाईल” हे उत्तर नाही.

आता सोबत येणाऱ्या नवख्यांचं. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत सूर मारणारी पोरं म्हणतात, आम्हाला काय शिकवता! त्यांनाच आधी शिकवावं लागतं. विहिरीत श्वास रोखून धरायची सवय लागते. स्कूबात तीच जीवावर उठते, कारण 10 मीटरवर भरलेली हवा वर येईतो दुप्पट फुगते आणि रोखलेल्या श्वासात फुप्फुस फाटू शकतं. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. कान दुखला की तिथंच थांबायचं.

मुरलेला वायू अंगातून निघायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो, म्हणून तिकिटं परतीच्या विमानापासून उलटी मोजत काढा. लागोपाठ डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी निदान 18 तास, थांबे घेऊन वर यावं लागलं असेल तर 24 तास तरी जाऊ द्या. आमच्याकडे तेवढे नव्हते. तिकीट पुढे ढकलताना ग्रुपमध्ये पैशांवरून कुरकुर झाली, दोघांनी तर बोलणंच सोडलं. तरीही त्रास झालाच, तर दाब देऊन उपचार करणारं चेंबर पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, नौदलाच्या धन्वंतरी रुग्णालयात आहे. ते चालू आहे ना, हे निघण्याआधी विचारून घ्या. हॅवलॉकहून तिथवर समुद्र ओलांडावा लागतो आणि खराब हवेत बोटी बंद असतात. साध्या प्रवास विम्यात खोल डायव्हिंग सहसा धरलेलं नसतं, तेही वाचून पाहा.

आणि सोबत आलेली घरची मंडळी पोहोचल्या दिवशीच सेल्युलर जेल पाहायचा हट्ट धरतात. सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय मराठी माणूस परतत नाही, हे खरंच. पण जेल शहरातच आहे, समुद्रकाठी, फार उंचीवर नाही, म्हणून डाइव्हनंतरही तिथं जाता येतं. ते शेवटच्या कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा.