तिसऱ्यांदा ‘नीट’? आधी मुलीचा प्रश्न ऐका

‘नीट’चा निकाल लागला की आठवडाभर एकच प्रश्न येतो. “मॅडम, अजून एक वर्ष ड्रॉप घेऊ द्यायचा का?” विचारतात आई-वडील, मूल शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं. दोनदा जीव तोडून अभ्यास करूनही गुण प्रवेशाच्या आसपास नसतील, तर माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. बीडीएस, नर्सिंग, फार्मसी हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत.

परवा एका मुलीने मलाच विचारलं, “डोळ्यातलं पाणी रक्तापासूनच बनतं ना? मग ते प्लाझ्मासारखं पिवळट का नसतं?” वडील म्हणाले, “ते राहू दे, मार्क सांग.” मी त्यांना थांबवलं.

तिला अश्रूंबद्दल विचारायचं नव्हतं. पारपटलामागे अ‍ॅक्वस ह्यूमर नावाचा द्रव असतो, त्याबद्दल ती बोलत होती. तो प्लाझ्मापासूनच तयार होतो, पण गाळून, निवडून. सोडियम जवळपास तेवढंच. प्रथिनं मात्र प्लाझ्मात शंभर मिलिलिटरला सुमारे ७ ग्रॅम, तर इथे काही मिलिग्रॅमच. तेवढी प्रथिनं डोळ्यात आली तर प्रकाश विखुरेल, दिसणं धूसर होईल. उलट क जीवनसत्त्व इथे प्लाझ्माच्या कितीतरी पट. पारपटलाला आणि भिंगाला रक्तवाहिन्याच नसतात. त्यांचं पोषण बरंचसं हेच पाणी करतं.

डोळ्याच्या आत दाह झाला की ही गाळणी सैल पडते, प्रथिनं झिरपतात. मग डोळे तपासण्याच्या स्लिट लॅम्पचा किरण त्या पाण्यात उठून दिसतो, धुळीच्या खोलीत कवडसा दिसावा तसा. मिनिटाला जेमतेम दोन-तीन मायक्रोलिटर बनणाऱ्या या द्रवाची वाट अडली, तर डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होऊ शकतो. त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही.

हे वेळेत ओळखणाऱ्यांत ऑप्टोमेट्रिस्ट असतो. ‘चष्म्याच्या दुकानातला माणूस’ म्हणून आपण त्याला मोडीत काढतो. बारावी विज्ञानानंतर बी. ऑप्टोम. हा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. पुण्यात भारती विद्यापीठात तो शिकवतात. नंबर काढणं, कॉन्टॅक्ट लेन्स, डोळ्याचा दाब मोजणं, अंधुक दृष्टीच्या माणसाला साधनं देणं, गरज दिसताच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणं, हे त्याचं काम. शस्त्रक्रिया तो करत नाही; मुलाला तीच करायची असेल तर या वाटेला जाऊ नये. २०२१च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला नियमनाच्या चौकटीत आणलं आहे. तरी प्रवेशाचे चालू नियम, विद्यापीठाची मान्यता आणि इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात होते, हे स्वतः जाऊन तपासा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

पालकांनो, लेकीला डॉक्टर करायचं स्वप्न तुमचं की तिचं, हे तिच्यासमोर नव्हे, आधी एकमेकांत बोला. त्या वडिलांना मी क्लासची फी भरणं आठवडाभर थांबवायला सांगितलं, आणि एक सकाळ मुलीसोबत नेत्र रुग्णालयाच्या ओपीडीत बसायला. प्रश्न तिने विचारायचे, त्यांनी फक्त ऐकायचं.