‘जड उचलू नका’ म्हणजे नेमकं किती? हर्नियाच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे



या महिन्याच्या आरोग्य पाठाचा विषय आहे हर्नियाचं ऑपरेशन झाल्यावर घ्यायची काळजी. गेल्या काही महिन्यांत तीन गटांच्या बैठकीत हा विषय निघाला. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, “मॅडम, ऑपरेशन झालं, आता पाणी कधी भरू?”

आधी माझ्या घरातलीच गोष्ट सांगते. आम्ही डोंबिवलीजवळ राहतो. मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला असताना आईच्या बेंबीजवळच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “जड उचलायचं नाही.” आई म्हणाली, “हो.” मीही मान हलवली. आठव्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. मी झोपेत होते. आईने दोन भरलेल्या बादल्या उचलून पिंपात ओतल्या. दुपारपर्यंत टाक्यांपाशी सूज आली, ठणका लागला. मी चिडले, तर आई म्हणाली, “अगं, जड काय उचललं मी? पाणीच तर भरलं.”

आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. जाळी जागेवर होती, सूज तीन आठवड्यांत उतरली. पण आईचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्या लेखी जड म्हणजे सिमेंटची गोणी. पाण्याची बादली हे रोजचं काम, त्याला कोण जड म्हणणार? आपल्यातल्या बहुतेक जणींचं असंच आहे. म्हणून आज ‘जड’ या शब्दाचाच नीट हिशोब करू.

१. हर्निया म्हणजे काय?

पुस्तकात याला अंतर्गळ म्हणतात. पोटाची भिंत स्नायूंची असते. ती एखाद्या जागी कमजोर झाली की आतली चरबी किंवा आतडं तिथून बाहेर डोकावतं. उभं राहिलं, खोकलं की गाठ दिसते. आडवं पडलं की बहुतेक वेळा आत जाते.

बायकांमध्ये हर्निया मुख्यतः तीन ठिकाणी दिसतो. एक, बेंबीजवळ, बाळंतपणांमध्ये तिथला भाग ताणलेला असतो. दोन, जुन्या ऑपरेशनच्या व्रणावर, म्हणजे सिझेरियन किंवा पिशवी काढलेल्या जागी. तीन, जांघेत. जांघेच्या घडीत खालच्या बाजूला होणारा एक प्रकार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो. त्यात आतडं अडकण्याचा धोका मोठा असतो, म्हणून तिथली लहान गाठही लपवून ठेवू नका. जुना खोकला, कायमची बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन आणि जड ओझी यांनी पोटावर जोर येतो आणि कमजोर जागा आणखी ताणली जाते.

गाठ एकाएकी कडक झाली, आत जाईना, खूप दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ला फोन करून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

२. ती जाळी कशाला?

मोठ्या माणसांच्या हर्नियात बहुतेक वेळा कमजोर जागेवर जाळी बसवतात, टाके घालून किंवा दुर्बिणीतून. “परकी वस्तू पोटात कशी चालेल?” असं बऱ्याच जणी विचारतात. जाळी म्हणजे ठिगळासारखा आधार. तिच्या भोकांमधून आपलाच नवा पेशींचा थर वाढतो आणि ती जागा पक्की होते. आपल्या महाराष्ट्रातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी तर गरीब रुग्णांसाठी मच्छरदाणीचं कापड नीट निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलं आणि २००३ मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ मध्ये तिचा निष्कर्ष आला, की वर्षभरानंतर दोन्हींत विशेष फरक नाही. तेव्हा स्वस्त-महागाच्या काळजीने ऑपरेशन पुढे ढकलू नका.

जाळीभोवती ही नवी वाढ व्हायला काही आठवडे लागतात. तेवढाच काळ आपल्याला सांभाळायचा आहे.

३. झोपून राहायचं नाही

दुसरी चूक अगदी उलटी असते. घरचे म्हणतात, “महिनाभर अंथरुणातून उठू नको.” तसं केलं तर पायात रक्ताची गाठ होऊ शकते, पोट साफ होत नाही, अंगातली ताकद जाते. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी थोडं चालायचं. घरात चार फेऱ्या, मग अंगणात, मग शेजारणीच्या दारापर्यंत.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन उठा. खोकला किंवा शिंक आली तर उशी किंवा घडी केलेली गोधडी पोटावर दाबून धरा. दुखण्याच्या गोळ्या दिलेल्या असतील तर वेळेवर घ्या. दुखलं की आपण चालत नाही, खोल श्वासही घेत नाही.

४. वजनाचा हिशोब

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

• पंधरा लिटरचा भरलेला हंडा: भांड्यासकट सोळा-सतरा किलो.
• भरलेला गॅस सिलिंडर: आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन. सगळं मिळून तीस किलोच्या आसपास.
• दोन वर्षांचं मूल: दहा-बारा किलो.
• भाताची गोणी, लाकडाची मोळी: याहूनही जास्त.

साधारणपणे पहिले चार ते सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर उचलू नका असं सांगतात. म्हणजे अर्धी कळशी चालेल, हंडा नाही. हंडा डोक्यावर असला तरी तो विहिरीवरून उचलताना आणि चुंबळीवर चढवताना जोर पोटावरच येतो. नातवंडाला उचलून घेऊ नका. खाली बसा आणि त्याला मांडीवर येऊ द्या.

२०१८ मध्ये जगभरच्या हर्निया तज्ज्ञांनी जांघेच्या हर्नियासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलं आहे की झेपेल तशी नेहमीची कामं लवकर सुरू करावीत. बरोबरच आहे. पण ताईंनो, नेहमीचं काम कुणाचं कसं? कुणाचं खुर्चीवर बसायचं, तर आपल्या शहापूर-मुरबाडच्या बाईचं चढावरून तीन खेपा पाणी आणायचं. हे डॉक्टरांना आपोआप कळत नाही, आपण सांगावं लागतं. घरी सोडण्याआधी असं विचारा: “डॉक्टर, मी रोज पंधरा लिटरचे चार हंडे आणते. लावणीला दिवसभर वाकून असते. हे कधीपासून करू?” आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. तो कागद घरच्यांना दाखवायलाही कामी येतो.

५. कोणत्या आठवड्यात काय?

हा साधारण अंदाज आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

*पहिला आठवडा:* चालणं, स्वतःची आंघोळ (जखम भिजवायची की नाही हे विचारून), बसून भाजी निवडणं. पाणी, धुणं, सारवण नाही.

*दुसरा ते चौथा आठवडा:* उभ्याने हलका स्वयंपाक, गटाची बैठक, हिशोबाचं काम. लोकलने जायचं असेल तर दुपारची वेळ बघा. कसारा-कर्जतकडच्या सकाळच्या गाडीत पोटावर कोपर बसायला वेळ लागत नाही. नवऱ्याजवळ जाण्याबद्दल कुणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून इथे लिहिते: दुखत असेल तोवर नाही. नर्सताईंना विचारायला लाजू नका.

*पाचवा-सहावा आठवडा:* झाडलोट, थोडे कपडे, छोटी कळशी. ओढ लागली, दुखलं, तर थांबा.

*सहा आठवड्यांनंतर:* डॉक्टरांना दाखवून हळूहळू हंडा, शेतीकाम. जुन्या व्रणावरचा मोठा हर्निया असेल तर तीन महिनेही लागू शकतात. पुढे मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

ऑपरेशन तातडीचं नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तारीख ठरवताना लावणीचे दिवस आणि उन्हाळ्यातली पाणीटंचाई टाळा.

६. खाणं, पोट आणि खोकला

“भात खाल्ला की जखमेत पू होतो,” असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हे खरं नाही. पू जंतूंमुळे होतो. भात, डाळ, अंडी, मासे, पालेभाजी सगळं खा. जखम भरायला ते लागतंच. नाचणीची आंबील, पपई, भरपूर पाणी घ्या म्हणजे शौचाला कुंथावं लागणार नाही. तरी कडक होत असेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या. बसताना-उठताना भिंतीचा आधार घ्या. खोकला असेल तर लगेच औषध घ्या, आणि चूल असेल तर काही दिवस धुरापासून लांब राहा. मशेरी-तंबाखू सोडायलाही ही चांगली वेळ आहे, कारण तंबाखूमुळे जखम उशिरा भरते.

७. कशाला घाबरायचं, कशाला नाही

टाक्यांभोवती थोडी सूज, निळसरपणा, बधिरपणा चालतो. जाळीच्या जागी पाणी साचून मऊ गाठ येते, ती बहुतेकदा काही आठवड्यांत जिरते. तिला चोळू नका, शेक देऊ नका, हळद-चुना लावू नका. डॉक्टरांना मात्र दाखवून ठेवा.

ताप, जखमेतून पू किंवा रक्त, वाढत जाणारी लाली, पोट फुगून उलट्या, लघवी अडकणं, एकाच पोटरीला सूज किंवा दम लागणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

८. आता गटाचं काम

एकटीने “मी उचलणार नाही” म्हणून भागत नाही. घरात पाणी तर लागतंच. भातसा, तानसा आपल्या शहापूर तालुक्यात, पण उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरच्या बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. अशाच एका पाड्यावरच्या गटाने गेल्या वर्षी एका ताईच्या ऑपरेशनआधी बैठकीत ठराव केला. बाकीच्या नऊ जणींनी पाळी लावली: रोज एकीने तिच्या घरी दोन हंडे टाकायचे. बेचाळीस दिवसांत एकीच्या वाट्याला चार-पाच दिवस आले. प्रवास आणि घरखर्चासाठी अंतर्गत कर्ज दिलं आणि हप्ता दोन महिने पुढे ढकलला. सासूबाईंना बैठकीला बोलावून डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला. हे बघून तिच्या नवऱ्यानेही सायकलला दोन कॅन बांधले. पहिले दोन दिवस लोक हसले, मग हसायचे थांबले. त्या ताई यंदा लावणीला उभ्या होत्या.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधीच करा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, किंवा १५५३८८ वर फोन करा. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का आणि कुठल्या दवाखान्यात होईल, ते भरती होण्याआधी विचारून घ्या.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात कुणाला पोटावर किंवा जांघेत गाठ आहे का? सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर आशाताईंना एकटीने सांगा.
२. तुमचा रोजचा हंडा किती लिटरचा? दिवसाला किती खेपा? प्रत्येकीने वजन काढून वहीत लिहा.
३. उद्या आपल्यातल्या एकीचं ऑपरेशन झालं तर सहा आठवडे पाण्याची पाळी कशी लावाल? ठराव आजच लिहून ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी घरी काढून बघितलं. त्या पहाटे आईने उचललेल्या दोन बादल्या मिळून तीस किलोच्या वर होत्या. आता आमच्याकडे पहाटेचं पाणी मी भरते.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक