घरी परतणाऱ्याचा धर्म आणि घराचा धर्म

गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार होय, असे आपल्या स्मृतिकारांनी सांगितले आहे. तथापि गृहस्थालाही प्रसंगी घर सोडावे लागते. नोकरी, विद्याभ्यास, सैन्यातील चाकरी, दीर्घ आजार, कारावास अशी त्याची कारणे अनेक. निघणाऱ्याच्या हातावर आपण दही घालतो, शिदोरी बांधून देतो, देवापुढे सुपारी ठेवतो. परतीच्या दिवसाची मात्र फारशी तयारी आपण करीत नाही. घर आपलेच, तेथे पुन्हा राहावयास शिकावे कशाला, अशी आपली समजूत असते. ती कितपत बरोबर आहे, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

प्रथम वाल्मीकि-रामायणातील युद्धकांडाचा शेवट पाहू. चौदा वर्षे पूर्ण झाली आहेत, रावणाचा वध झाला आहे. श्रीराम भरद्वाजांच्या आश्रमापर्यंत येतात. पण तेथून तडक अयोध्येत जात नाहीत. ते हनुमंताला पुढे धाडतात आणि सांगतात, की आम्ही येत आहोत हे ऐकताच भरताच्या मुखावर कोणता भाव उमटतो, तो काय बोलतो, हे नीट पाहून ये. इतकी वर्षे सांभाळलेल्या राज्यात भरताचे मन रमले असेल, तर त्यानेच पृथ्वीचे पालन करावे, असेही ते म्हणतात. राज्य हक्काने आपले, भाऊ जिवाभावाचा. तरीही आपल्या मागे चौदा वर्षे तेथे कोणी तरी जगले आहे, राबले आहे, याची जाणीव श्रीरामांनी सोडली नाही. परतणाऱ्याने शिकावयाचा पहिला धडा हाच.

दुसरा धडा भरताचा. नंदिग्रामी जटा वाढवून व वल्कले नेसून राहिलेला भरत स्वतःच्या हाताने पादुका श्रीरामांच्या पायांत घालतो आणि ठेव म्हणून सांभाळलेले राज्य परत करतो. एवढ्यावर तो थांबत नाही. कोश, कोठारे, नगर व सैन्य आपण पाहावे, आपल्या तेजाने मी हे सारे दसपट केले आहे, असे तो सांगतो. घर राखणाऱ्याने मधल्या काळाचा हिशेब असा प्रेमाने पुढे ठेवावा, आणि आलेल्याने तो आदराने ऐकावा. भरताची चौदा वर्षे ऐकून न घेता श्रीराम सिंहासनावर बसले असते, तर तो राज्याभिषेक आपल्याला इतका गोड वाटला असता काय?

आम्हां बरकतपुऱ्यातील मंडळींना हा विषय परका नाही. काचीगुड्याचे स्थानक येथून जवळच. त्या फलाटावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मराठवाड्याकडे गेली आणि तिकडून आली. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांतील अनेकांनी घरापासून दूर नागपुरास जाऊन शिक्षण पुरे केले. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात कित्येक कार्यकर्ते तुरुंगात होते, कित्येक सरहद्दीवरील शिबिरांत. रझाकारांच्या भयाने अनेक कुटुंबे शेजारच्या प्रांतांत गेली होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ही माणसे परतू लागली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हैदराबादेतील मराठी सरकारी नोकरांपैकी अनेकांना तिकडे जावे लागले.

इतिहासात या तारखा आहेत. तुरुंगातून आलेल्या माणसाचा सत्कार झाला, त्याला हार घातला गेला, हेही आपण वाचतो. पण त्याच्या मागे जिने वाण्याची उधारी फेडली, मुलांच्या शाळेची फी भरली आणि सासूचे दुखणेखुपणे काढले, तिच्या गळ्यात हार पडल्याचे फारसे वाचनात येत नाही.

आज कारणे निराळी आहेत. कोणी आखाती देशांत नोकरीस असतो, कोणी अमेरिकेत, कोणी सीमेवर. मागे पत्नी बँकेचे व्यवहार शिकते, घराची दुरुस्ती करून घेते, मुलांचे प्रवेश पार पाडते. मग गृहस्थ परत येतो आणि पहिल्याच आठवड्यात पासबुक स्वतःकडे मागून घेतो. मुलगा सहलीला जाण्याची परवानगी आईला विचारतो, म्हणून त्याला राग येतो. वस्तुतः मुलाने अनादर केलेला नसतो. ज्या दाराने तो पाच वर्षे आत-बाहेर करीत होता, तेच दार त्याने ठोठावलेले असते. उलट बाजूही आहे. परतलेल्याने स्वयंपाकघरात भांडे उचलले, तरी “राहू द्या, तुम्हांला नाही कळायचे,” असे त्याला ऐकावे लागते. ज्याच्या पैशावर घर चालले, त्याला घरात करण्याजोगे काम उरत नाही. अशी दुःखे बोलून दाखविली जात नाहीत. म्हणून ती मुरतात.

तिसरा धडा समाजासाठी आहे, आणि तो कठोर आहे. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत काशीस संन्यास घेऊन राहिले होते. गुरूंना त्यांच्या विवाहाची हकीकत कळताच त्यांनी विठ्ठलपंतांना आळंदीस, रुक्मिणीबाईंकडे परत धाडले. पत्नीने त्यांना स्वीकारले. गावाने स्वीकारले नाही. त्या कुटुंबाला वाळीत टाकले गेले, मुलांच्या मुंजी अडल्या, आणि अखेर मातापित्यांनी देहांत प्रायश्चित्त घेतले, असे परंपरा सांगते. घराने उघडलेले दार शेजाऱ्यांना बंद करता येते, ते असे. आज आपण कोणाला वाळीत टाकत नाही. परंतु सासरहून कायमची माहेरी आलेली मुलगी, नोकरी सुटून परतलेला मुलगा, मनाच्या आजारातून बरा होऊन आलेला गृहस्थ देवळाच्या पायरीवर भेटला, की आपले प्रश्न सुरू होतात: “परत कधी जाणार?” “तिकडे काय झाले?” त्या प्रश्नांनी माणूस देवळात यावयाचा थांबतो.

तेव्हा आचरणासाठी एवढे ध्यानी धरावे. परतणाऱ्याने पहिला महिनाभर घराची चालू रीत मोडू नये. ती कशी बसली, हे विचारून घ्यावे. घरातील मंडळींनी त्याला पाहुण्यासारखे बसवून न ठेवता एखादे काम पूर्णपणे सोपवावे: मुलीला शाळेत पोचविणे, सकाळची पूजा, आठवड्याची भाजी. ते त्याच्या हातून थोडे चुकले तरी परत काढून घेऊ नये. लहान मुलांवर जवळिकीची सक्ती करू नये; ती आपल्या वेळेने येतात. आणि आपण शेजाऱ्यांनी, “बरे झाले आलात,” एवढे म्हणून प्रसाद हातावर ठेवावा.

मननार्थ दोन प्रश्न देत आहोत. सायंकाळच्या दिवेलागणीनंतर घरातील सर्वांनी, लहानांसह, त्यांवर बोलावे.

१. आपल्या घरात भरताचे काम कोणी केले, आणि ते त्या व्यक्तीपाशी आपण कधी बोलून दाखविले काय?

२. आपल्यापैकी जो सध्या दूर आहे, तो परत आल्यावर त्याच्यासाठी कोणते काम राखून ठेवता येईल?