शिदोरी बांधून वाटेस लावणें

वाचनासाठीं: रोमकरांस पत्र १५:२२–३३, प्रेषितांचीं कृत्यें २१:३–६, फिलिप्पैकरांस पत्र २:२५–३० व ४:१०–२०, योहानाचें तिसरें पत्र.



कांहीं वर्षांपूर्वीं सुगीच्या दिवसांत परभणी जिल्ह्यांतील आमच्या लहानशा मंडळींत एक तरुण कुटुंब आलें. पति, पत्नी व त्यांची दोन वर्षांची मुलगी. समुद्रापलीकडील एका देशांत सुवार्तेच्या सेवेस जाण्याची त्यांची तयारी चालली होती, आणि निघण्यापूर्वीं तीं गांवोगांवच्या मंडळ्यांस भेटत होतीं. उपासना संपल्यावर एका वृद्ध पंचांनीं मला बाजूस नेऊन विचारलें, “पास्तरसाहेब, ही माणसं मागायला आलीत का? आपल्याच पोटाला इथं पुरंना, मग साता समुद्रापलीकडं आपण काय धाडावं?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आमच्यांतील पुष्कळ लोक कोरडवाहू शेतीवर किंवा रोजमजुरीवर दिवस काढतात. पाऊस चुकला कीं घरांत कर्ज येतें. म्हणून पंचांच्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रांतूनच शोधूं.

१. शास्त्रांतील रीति

रोमकरांस पत्र १५:२४ येथें पौल स्पेन देशास जाण्याचा आपला बेत कळवितो. वाटेंत रोम येथील मंडळीची भेट घ्यावी व तिनें आपणांस पुढें लावून द्यावें, अशी तो आशा धरितो. तेथें जें ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ नुसता निरोप देणें एवढाच नाहीं. वाटसरूस लागेल तें अन्न, पैसा व सोबत देऊन वाटेस लावणें, असा त्याचा भाव आहे. तोच शब्द तीताच्या पत्रांत (३:१३) व योहानाच्या तिसऱ्या पत्रांत (वचन ६) आला आहे.

ही रीति आपणांस परकी नाहीं. लेक सासरीं निघाली म्हणजे आई शिदोरी बांधते व घरचीं माणसें वेशीपर्यंत जातात. लेकीनें भीक मागितली, असें कोणी म्हणत नाहीं. शेगांवची पालखी आपल्या जिल्ह्यांतून गंगाखेडावरून पंढरपुरास जाते, तेव्हां वाटेवरचे गांवकरी वारकऱ्यांस जेवूं घालतात. त्यांसहि कोणी भिकारी म्हणत नाहीं. जो चालतो त्याच्या वाटेंत आपलाहि वाटा असावा, एवढाच त्यांचा हेतु असतो.

सोर येथील मंडळीनें काय केलें तें पाहा. पौल निघाला तेव्हां सर्व शिष्य आपल्या बायकामुलांसह त्याला नगराबाहेर पोंचवावयास गेले, आणि समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून त्यांनीं प्रार्थना केली. तेथें लहान मुलेंहि पाठविणारांत मोजलीं गेलीं.

मग गरिबांचें काय? मासेदोनियाच्या मंडळ्या अत्यंत दरिद्री होत्या, तरी आपणांसहि वाटा मिळावा म्हणून त्यांनींच आग्रह धरिला (करिंथकरांस दुसरें पत्र ८:१–४). त्याच अध्यायाच्या १२ व्या वचनांत पौल स्पष्ट सांगतो कीं, ज्याच्याजवळ जें आहे त्यावरून त्याचें दान पत्करलें जातें. जें नाहीं त्याचा हिशेब धरिला जात नाहीं. म्हणून कर्ज काढून दान देऊं नये, आणि थोडें आहे म्हणून लाजूंहि नये.

२. इतिहासांतील दाखले

तारीख ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं अमेरिकेंतील सेलम गांवच्या देवळांत पांच तरुणांस दीक्षा देण्यांत आली. त्यांपैकीं गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे नॉट यांच्या पत्नी रोक्साना यांसह १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस पोंचले. कंपनी सरकारानें त्यांस परत जाण्याचा हुकूम केला होता. पुढें मोठ्या खटपटीनें राहण्याची परवानगी मिळाली. नॉट यांस प्रकृतीमुळें १८१५ सालीं परतावें लागलें. हॉल १८२६ सालीं नाशिककडील प्रवासांत पटकीनें वारले. ज्यांनीं त्यांस पाठविलें, त्यांच्यापैकीं बहुतेकांनीं हा देश कधीं पाहिला नाहीं.

आपल्या शेजारच्या जालन्याचाहि दाखला आहे. रेव्ह. नारायण शेषाद्रि यांचा बाप्तिस्मा १८४३ सालीं मुंबईस झाला. पुढें त्यांनीं जालना येथें काम केलें व तेथून जवळच बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविलें. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेंत त्यांनीं भाषण केलें.

पंडिता रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. तेथें गांवोगांव त्यांनीं बालविधवांची हकीकत सांगितली. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या साहाय्यासाठीं मंडळ स्थापन झालें, आणि अनेक ठिकाणच्या लहान लहान गटांतील सभासदांनीं वर्षास एक डॉलर याप्रमाणें दहा वर्षें देण्याचें वचन दिलें. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. एक डॉलर लहान, पण दहा वर्षांचें वचन मोठें.

आतां कोणी म्हणेल, हे सर्व दाखले परदेशी पैशाचे आहेत. तर ऐका. १९०३ सालीं तिनेवेल्लीच्या तमिळ ख्रिस्ती लोकांनीं स्वतःची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापिली व निजामाच्या राज्यांत दोर्णकल येथें माणसें पाठविलीं. आपली परभणीहि १९४८ पर्यंत त्याच राज्यांत होती. तेथील भाषा तेलुगू असल्यामुळें जाणारांस ती नव्यानें शिकावी लागली. व्ही. एस. अझरया हे १९०९ सालीं दीक्षा घेऊन तेथें गेले आणि १९१२ सालीं अँग्लिकन मंडळीचे पहिले हिंदी बिशप झाले.

मिझोरममधील बायकांनीं तर १९१० सालापासून एक साधी रीति घातली. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ बाजूस काढावयाचे, मंडळीनें ते गोळा करून विकावयाचे, व आलेला पैसा प्रभूच्या कामास लावावयाचा. त्या मुठीवर उपदेशक पोसले गेले, आणि त्या मंडळ्यांनीं आपल्या डोंगरांपलीकडे मिशनरी पाठविले.

३. दोन्हीं पक्षांचें कर्तव्य

पाठविणाऱ्या मंडळीनें तीन गोष्टी कराव्या: येणारांचें नीट ऐकून घ्यावें, थोडें पण नेमानें द्यावें, आणि गेलेल्यांची आठवण ठेवावी.

या तिसऱ्या गोष्टींत मी स्वतः चुकलों, तें सांगतों. त्या कुटुंबास आम्हीं जमलेली वर्गणी दिली, प्रार्थना केली व निरोप दिला. वर्षभरानें त्यांचें पत्र आलें. मुलगी तापानें अत्यवस्थ आहे, मंडळीनें प्रार्थना करावी, असें त्यांत होतें. मीं तें पत्र नोंदवहींत ठेविलें आणि कामाच्या गर्दींत वाचून दाखविण्यास विसरलों. तीन आठवड्यांनीं मंडळींतील एक वृद्ध मावशी ज्वारीचें गाठोडें घेऊन आली व म्हणाली, “पास्तरसाहेब, त्या लेकराचं काही कळलं का? दळण काढते तवा तिच्या नावानं एक मूठ बाजूला टाकते मी.”

मला उत्तर देववेना. पत्र माझ्यापाशीं होतें, पण मुलीस वेशीपर्यंत पोंचवीत होती ती मावशी. त्या रविवारीं मीं सर्वांपुढें चूक कबूल करून पत्र वाचलें. पुढें मुलगी बरी झाल्याचें कळलें. तिची आई म्हणत होती कीं, परक्या मुलखांतील त्या रात्रीं आपणांस आठवणारें कोणी आहे कीं नाहीं, हाच विचार मनांत येई. एपफ्रदीत आजारी पडला तेव्हां तें वर्तमान फिलिप्पै येथील मंडळीच्या कानीं पोंचलें होतें. ती दान पाठवून स्वस्थ बसली नव्हती.

जाणाऱ्या कुटुंबानेंहि लक्षांत ठेवावें. खरी हकीकत सांगावी. यश फुगवूं नये, अपयश झांकूं नये. पैशाचा हिशेब पाठवावा. श्रीमंताच्या घरीं जितकें बसावें तितकेंच मजुराच्या झोपडींतहि बसावें. देणग्यांपेक्षां देणाऱ्यांच्या खात्यावर फळ वाढावें, ही पौलाची इच्छा होती (फिलिप्पै ४:१७). तीच त्यांचीहि असावी.

त्या वृद्ध पंचांस मीं एवढेंच सांगितलें, “दादा, तीं मागावयास आलीं नाहींत. आपण त्यांना पाठविणार आहों कीं नाहीं, हें विचारावयास आलीं आहेत.” ते कांहीं बोलले नाहींत. पण दुपारीं ते त्या मुलीस कडेवर घेऊन एस. टी. च्या थांब्यापर्यंत गेले.

चर्चेसाठीं प्रश्न

१. दियत्रफेसानें बंधुजनांचा स्वीकार कां केला नाहीं, व गायसानें काय केलें? (योहानाचें तिसरें पत्र, वचनें ५–१०)

२. भीक देणें आणि शिदोरी बांधणें यांत काय अंतर आहे?

३. आपल्या मंडळींत मूठभर ज्वारीची रीति घालतां येईल काय? धान्य कोणीं गोळा करावें व हिशेब कोणीं ठेवावा?

४. आपल्या मंडळीनें पूर्वीं निरोप दिलेला कोणी सेवक आहे काय, कीं ज्याचें पत्र अद्याप वाचावयाचें राहिलें आहे?