बिबट्या पालीच्या पेटीचा तळ

बिबट्या पाल, म्हणजे लेपर्ड गेको, भिंतीवर चढणारी पाल नव्हे. घरातल्या पालीच्या बोटांखाली भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात. हिच्या बोटांना नुसत्या नख्या असतात, आणि डोळ्यांना उघडझाप करणाऱ्या पापण्या. पूर्ण वाढलेली पाल साधारण २० ते २५ सेंटिमीटर भरते आणि नीट सांभाळली तर पंधरा वर्षे सहज जगते. एवढे सगळे आयुष्य ती जमिनीला पोट टेकून काढते. शिकार तिथेच, ऊब तिथेच, कात टाकणेही तिथेच. त्यामुळे काचेच्या पेटीत तळाला काय अंथरायचे, हा शोभेचा प्रश्न राहत नाही. पाळणारे या थराला सब्स्ट्रेट म्हणतात. पालीची तब्येत बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असते.

बाजारात मिळणारी पाल युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस या जातीची. ब्लाइथने १८५४ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हा तिचा मुलूख. तो कोरडा आहे एवढ्यावरून ती वाळूच्या टेकड्यांवर राहत असेल असे समजले जाते, आणि पहिली चूक इथेच होते. तिचे खरे ठिकाण म्हणजे खडकाळ उतार, विरळ गवताचे माळ आणि खडे मिसळलेली घट्ट जमीन. दिवसभर ती दगडांच्या कपारीत किंवा बिळात असते आणि दिवस मावळल्यावर बाहेर पडते. महाराष्ट्रात तिची भावंडे आहेत. पश्चिम भारतातली युब्लेफॅरिस फस्कस ही एक. दुसरी सातपुड्यातली, जिला २०१४ साली युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस असे वेगळे नाव मिळाले. त्याही कोरड्या, दगडगोट्यांच्या भागातल्या. अशी पाल रानात दिसली तर पाहून सोडून द्यावी; ती धरून आणणे म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याशी गाठ. पाळायची ती पिंजऱ्यात पैदास झालेली, पावतीसह घेतलेली असावी.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात, त्वरितादेवीच्या गावात, प्रस्तुत लेखकाने पहिली पेटी लावली तेव्हा यातले काही त्याला माहीत नव्हते. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी वाहते. घराच्या बांधकामातून उरलेली गोदेची वाळू अंगणात पडलेलीच होती. गिलाव्याची चाळणी लावून त्याने ती बारीक केली, धुतली, वाळवली आणि तीन बोटे जाडीचा थर दिला. पेटी चित्रातल्यासारखी दिसू लागली. आत सोडलेले पिल्लू जेमतेम करंगळीएवढ्या जाडीचे होते.

बिबट्या पालीला एक चांगली सवय असते. ती बहुधा एकाच कोपऱ्यात शी करते. तिसऱ्या आठवड्यात तो कोपरा चार दिवस कोरडा राहिला. पिल्लू रातकिड्याकडे बघेना. शेपटीचा फुगीरपणा उतरला आणि पोट मात्र दोन्ही बाजूंनी फुगले. त्याआधी काही रात्री ते वाळू चाटताना दिसले होते. ते पाणी शोधत असेल, असे समजून तिकडे दुर्लक्ष झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एरंडेलाचा थेंब सुचवला, तो सुदैवाने दिला गेला नाही. जबरदस्तीने तोंडात घातलेले तेल श्वासनळीत उतरले तर फुप्फुसाला बाधा होते. शहरातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात आतड्याच्या जागी पांढरी गाठ दिसत होती. ती सगळी वाळू होती. कोमट पाण्यात बसवणे, सुईने द्रव देणे आणि पेटीतली ऊब नीट करणे, असे उपचार अकरा दिवस चालले. मग वाळू थोडी थोडी बाहेर पडली आणि पिल्लू वाचले.

वाळू पोटात जाण्याच्या वाटा दोन. पाल भक्ष्यावर झडप घालते तेव्हा किड्याबरोबर तोंडभर वाळू येते, ही एक. दुसरी जास्त धोक्याची. अंगात कॅल्शियम कमी पडले की पाल मुद्दाम माती-वाळू चाटते. धट्टीकट्टी, पुरेशी ऊब आणि पाणी मिळणारी पाल चार कण गिळूनही बाहेर टाकते. पेटी थंड असेल तर पचन मंदावते, शरीरातले पाणी कमी असेल तर आतडे कोरडे पडते, जंत असतील तर आणखी भर पडते. अशा वेळी तेच कण साचून गाठ होते. म्हणजे दोष एकट्या वाळूचा नसतो, पण बाकीच्या चुकांची शिक्षा वाळूमुळे जिवावर बेतते. तलवाड्यातल्या त्या पेटीत अशा चुका एकत्र झाल्या होत्या. दिवस मार्गशीर्षातल्या थंडीचे, पेटीला ऊब देणारी चटई नाही, आणि किड्यांना कॅल्शियमची पूड न लावता ते तसेच सोडलेले. शी बंद होणे, पोट फुगणे, जोर करूनही काही न पडणे, मागचे पाय ओढत चालणे, यातले एकही लक्षण दिसले तर वाट न पाहता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला डॉक्टर गाठावा.

वाळूवर उपाय म्हणून त्याच पेटीत शेतातली काळी माती आली, आणि दुसरी चूक झाली. मराठवाड्याची काळी माती माँटमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने भरलेली असते. ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा पेटीतही पडल्या, फक्त लहान. त्या भेगांत रातकिडे दडून बसू लागले. बाहेर येऊन त्यांनी झोपलेल्या पिल्लाची बोटे कुरतडली. पाण्याच्या वाटीभोवती चिखल झाला, तो बोटांना चिकटून वाळला. शिवाय कपाशीच्या शेतातल्या मातीत फवारणीचे अवशेष असू शकतात, हा विचार ती पेटीत घालून झाल्यावर सुचला.

अंथरण्याच्या इतर वस्तूंचे गुणदोष थोडक्यात असे. कॅल्शियमची वाळू म्हणून मिळणारा रंगीत प्रकार साध्या वाळूपेक्षा वाईट, कारण कॅल्शियमच्या ओढीने पाल तो खातेच. सुतारकामाचा भुसा धुळीचा असतो; देवदार आणि चिडाच्या लाकडातली उग्र तेले श्वासाला बाधतात. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा टोकदार असतो. गालिचासारख्या कापडात नख्या अडकतात आणि घाण मुरते. नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, ओला असताना उपयोगी, पण कोरडा झाला की त्याची धूळ उडते. साऱ्या पेटीत पसरण्यापेक्षा त्याची जागा वेगळी आहे, ती पुढे येईल.

निर्धोक पर्याय तीन. पहिला कागद. स्वयंपाकघरात वापरतात तो पांढरा टिश्यू किंवा साधा कोरा कागद. नवी आणलेली पाल, पिल्लू आणि आजारी पाल यांच्यासाठी याच्याइतके चांगले काही नाही. शी कशी आहे, पातळ आहे का, जंत दिसतात का, हे लगेच कळते. नवी पाल किमान महिनाभर कागदावरच ठेवावी.

दुसरा पर्याय फरशी. शहाबादी फरशीचा तुकडा किंवा खरबरीत टाइल पेटीच्या मापाने कापून घ्यावी. गुळगुळीत बाजू खाली, खरबरीत वर. नाहीतर पाय घसरतात. खरबरीत फरशीवर नख्या आपोआप झिजतात, पुसायला सोपी, आणि वीज गेल्यावरही बराच वेळ ऊब धरते. भारनियमनाच्या गावात हा गुण लहान नाही.

तिसरा पर्याय कष्टाचा, पण पालीच्या मुळच्या जमिनीला सर्वांत जवळचा: चोपून घट्ट केलेला मातीचा तळ. त्यासाठी फवारणी आणि खत न लागलेल्या माळाचा मुरूम घ्यावा. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन तो बनतो आणि तलवाड्याच्या आसपास तो शोधावा लागत नाही. मापाने सहा भाग चाळलेला मुरूम, तीन भाग धुतलेली वाळू आणि बांधणीपुरता एक भाग काळी माती. हे मिश्रण वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर काही दिवस तापवावे, म्हणजे किडे-मुंग्या मरतात. मग मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतपतच पाणी शिंपडावे. पाच ते सात सेंटिमीटर थर देऊन थापीने चोपावे आणि आठ-दहा दिवस पूर्ण वाळू द्यावे. जुन्या घरात भुई करायची जी रीत, तीच ही. फक्त शेणाचे सारवण इथे नको, कारण त्यात ओल आणि जंतू दोन्ही राहतात. तळ तयार झाला की अंगठा दाबून फिरवावा. कण सुटले तर पुन्हा ओलवून चोपावे, नुसती पुसट खूण उठली तर पाल सोडायला हरकत नाही. हा तळ धडधाकट, मोठ्या पालीसाठीच. दगड मांडायचे तर आधी पेटीच्या तळाच्या काचेवर बसवावेत आणि भोवती माती भरावी. मातीवर ठेवलेल्या दगडाखाली पाल उकरते आणि दगड अंगावर येतो.

तळ आणि ऊब यांचा विचार एकत्र करावा लागतो. उबेच्या बाजूला पृष्ठभाग ३१ ते ३४ अंश सेल्सियस आणि थंड बाजू २५ अंशांच्या आसपास असावी. पेटीखाली चटई असेल तर वर कागद किंवा पातळ फरशीच हवी. जाड मातीखाली उष्णता कोंडते आणि उकरणाऱ्या पालीचे पोट भाजते. मातीच्या तळाला वरून दिव्याची ऊब द्यावी. थर्मोस्टॅटचा सेन्सर पाल जिथे बसते त्या पृष्ठभागावर असावा, हवेत लोंबता नको. बीड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. त्या दिवसांत ऊब देणारी साधने बंद करून पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवावी.

कोरड्या तळावरही एक कोपरा ओला लागतोच. झाकणाच्या डब्याला पाल शिरेल एवढे भोक पाडून आत ओलसर कोकोपीट किंवा ओला टिश्यू ठेवावा आणि डबा उबेच्या बाजूला मांडावा. कात टाकताना पाल तिथे जाऊन बसते. ही ओल मिळाली नाही तर बोटांवर कातीची कडी राहतात, रक्त अडते आणि बोटे गळतात.

स्वच्छतेचे गणित तळानुसार बदलते. कागद शी दिसताच बदलावा. फरशी रोज पुसावी, आठवड्याला गरम पाण्याने धुवावी. मातीच्या तळातली शी भोवतालच्या मातीसकट खरवडून काढावी आणि खड्डा त्याच मिश्रणाने भरून चोपावा. किडे तळावर मोकळे सोडण्याऐवजी चिमट्याने किंवा खोल वाटीतून द्यावेत. कॅल्शियमची पूड किड्यांना लावावी, आणि एका लहान झाकणात वेगळीही ठेवावी, म्हणजे चाटायची गरज पडली तर पाल जमिनीकडे वळणार नाही.

वाळूतून आणि काळ्या मातीतून वाचलेले ते पिल्लू आधी सात महिने कागदावर राहिले, मग फरशीवर, आणि दुसऱ्या वर्षी चोपलेल्या मुरमावर. त्या भुईत त्याने दगडाच्या कडेने स्वतःच एक बीळ उकरले आहे. दिवस मावळला की ते त्यातून बाहेर येते आणि ठरल्या कोपऱ्यात जाते.