पहिला घोट देण्यापूर्वी

चि. भाचीस,

परिचर्येचे शिक्षण पुरे करून मेंदूविकारांच्या वॉर्डात रुजू होणाऱ्या मुलीचे लक्ष सुरुवातीला मॉनिटर, सलाइन आणि इंजेक्शने यांकडेच जाते, आणि ते स्वाभाविक आहे; परंतु पक्षाघाताच्या, म्हणजे रक्तवाहिनीत गुठळी अडकून किंवा ती फुटून मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झालेल्या रुग्णाचा जीव चमचाभर पाण्यानेही धोक्यात येऊ शकतो, हे तिने पहिल्या पाळीपासून मनात पक्के धरावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते व तो निर्णय डॉक्टरांचा असतो. पुढचे दिवस मात्र बव्हंशी परिचारिकेच्या हाती असतात.

हातापायांप्रमाणे घशाचे स्नायूही दुबळे झाले, की अन्ननलिकेत जायचा घोट श्वासनलिकेत उतरतो आणि त्यातून होणाऱ्या न्यूमोनियाने, झटक्यातून वाचलेला माणूसही दगावतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही, अगदी गोळीसुद्धा, देऊ नये. ही तपासणी शिकून घेतलेल्या परिचारिकेने रुग्ण पूर्ण जागा आहे याची खात्री करावी, त्याला ताठ बसवावे, चमचाभर पाणी देऊन कंठमणी वर उचलला जातो का ते बोटांनी अजमावावे, मग त्याला ‘आ’ म्हणायला लावून आवाज ओलसर, घरघरता झाला का ते कान देऊन ऐकावे. पाणी श्वासनलिकेत गेले तरी काहींना खोकला येतच नाही. त्यामुळे ठसका लागला नाही एवढ्यावर विसंबणे घातक ठरते. उपाशी माणसाच्या तोंडात घोटभर चहा घालणारे नातेवाईक मायेपोटीच तसे करतात, तेव्हा त्यांच्यावर डाफरण्यापेक्षा कारण समजावून द्यावे आणि ओलसर गॉजने ओठ पुसण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधील १९ पक्षाघात विभागांत झालेला आणि २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रत्येक परिचारिकेने वाचावा असा आहे. त्यातील काही विभागांत ताप, रक्तातील साखर आणि गिळणे या तीनच गोष्टींकडे परिचारिकांनी ठरलेल्या नियमांनी लक्ष पुरवले. ९० दिवसांनंतर मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण तेथे ४२ टक्के, तर उरलेल्या विभागांत ५८ टक्के आढळले. कोणतेही नवे औषध त्यामागे नव्हते, आणि परिचर्येला दुय्यम मानणाऱ्यांना याहून चोख उत्तर सापडणे कठीण आहे.

रुग्णाला कूस पालटून देताना किंवा उठवताना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, कारण स्नायूंचा आधार सुटलेला खांदा सांध्यातून सरकतो आणि ते दुखणे पुढे व्यायामाच्या आड येते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असता काही रुग्णांना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. ताटाच्या डावीकडची भाजी तशीच राहिली, तर भूक नाही असे लिहून मोकळे न होता ताट फिरवून पाहावे. वाचा गेलेल्या रुग्णाला समजतही नाही असे गृहीत धरून त्याच्या देखत त्याच्या भवितव्याची चर्चा करणे हा तर अपराधच होय. त्याला मान हलवून उत्तर देता येईल असा एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराला पुरेशी सवड द्यावी, मग वॉर्डात कितीही घाई असो.

कळावे,
मावशी