ऐंशी किलोमीटरांची तहकुबी

ज्या गोष्टीची किंमत मोजून झाली तिच्याविषयी पुन्हा तोंड उघडू नये, असा आपल्याकडे एक सभ्य संकेत आहे. परंतु गेल्या मे महिन्यात कऱ्हाडच्या एका लॉजमध्ये, गॅलरीतून आपलीच मोटार खाली लंगड्या बैलासारखी उभी असलेली पाहत मी लागोपाठ तीन रात्री काढल्या, तेव्हा हा संकेत निदान या एका प्रकरणापुरता मोडावयाचा असे ठरविले. ही कैफियत त्या निश्चयाचे फळ आहे.

गाडी जर्मन बनावटीची, वापरलेली, पण अधिकृत विक्रेत्याकडून रीतसर कागदपत्रांनिशी घेतलेली. व्यवहार ठरण्यापूर्वी मी डिकीचे झाकण उचलले, आतील रिकामी, गालिचा अंथरलेली जागा पाहिली आणि स्टेपनी कोठे आहे असे विचारले. विक्रेता तरुण होता, माझ्या वयाच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले एक विशिष्ट स्मित त्याने केले आणि म्हणाला, "सर, या गाडीला स्टेपनी लागतच नाही. रनफ्लॅट टायर आहेत. पंक्चर झालं तरी गाडी थांबत नाही." वाक्य खोटे नव्हते. ते अर्धे होते, आणि उरलेले अर्धे मला कऱ्हाडला कळले.

चिपळूणहून पुण्याला परतताना गाडीत आम्ही पाच जण, सामान आणि हापूसच्या दोन पेट्या असा ऐवज होता. पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट चढू लागण्याच्या बेतात असताना समोरच्या पटलावर उद्गारचिन्ह असलेला तो पिवळा, नालेच्या आकाराचा दिवा लागला. मी गाडी बाजूस घेतली, उतरलो, चारही चाकांभोवती फिरलो, प्रत्येकाला पायाने डिवचून पाहिले. चारही टायर सारखेच गुबगुबीत आणि निर्विकार दिसत होते. तेव्हा हा उपकरणाचाच दोष असला पाहिजे असे मानून मी दाबाची नोंद नव्याने करण्याची आज्ञा यंत्राला दिली आणि दिवा विझला. याबद्दल आमच्या धाकट्या जावयांनी नंतर पुष्कळ ऐकविले. परंतु ज्या टायरमधून हवा गेली तरी तो गेल्यासारखा दिसत नाही, हीच ज्याची ख्याती, त्याच्या बाबतीत उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाने आणखी काय पाहावयाचे होते, हे त्यांनी अद्याप सांगितलेले नाही.

कोयनानगरला दिवा पुन्हा लागला. आता मात्र मी विक्रेत्याच्या सेवाकेंद्राला फोन केला. पलीकडील गृहस्थांनी गाडीचा क्रमांक विचारला, तो दोनदा लिहून घेतला, आणि शांतपणे सांगितले, "सर, रनफ्लॅट आहेत ना? मग टेन्शन नाही. ऐंशीच्या आत वेग ठेवा, ऐंशी किलोमीटर आरामात जाल." गाडीत माणसे किती, सामान किती, दिवा प्रथम कोठे लागला, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी केला नाही, आणि पोफळीची हकिकत मीही आपण होऊन सांगितली नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. कऱ्हाड तेथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. ताशी पन्नासच्या वर काटा जाऊ न देता, मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा कर्णा निमूटपणे सहन करीत, सायंकाळी आम्ही कऱ्हाडला पोहोचलो. मर्यादा पाळल्याचे समाधान तोवर माझ्यापाशी होते.

टायरच्या दुकानातील मुलगा विशीतला असेल. त्याने हवा मोजली; मागच्या डाव्या चाकात ती जवळजवळ नव्हतीच. जमिनीला टेकणाऱ्या भागात एक आखूड खिळा रुतलेला सापडला, आणि एवढेच ना, एक बत्ती घातली की काम झाले, असे मी म्हणालो. तो काही बोलला नाही. यंत्रावर चाक चढवून, त्या ताठ टायरशी बराच वेळ झुंजून त्याने त्याची एक कड रिमवरून उतरविली, आत हात घातला आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरला. तळहातावर काजळीसारखा काळा, किंचित चिकट भुगा होता. "काका, हे आतलं रबर. भिंत आतून दळली गेलीय. बत्ती घालून मी पैसे घेईन, पण पुढं हायवेला टायर फुटला तर मला झोप लागणार नाही." त्या भुग्याकडे पाहताना विक्रेत्याच्या त्या अर्ध्या वाक्याचा उत्तरार्ध मला वाचता आला: गाडी थांबत नाही, परंतु टायर संपतो.

यामागील कारण मग समजून घेतले. साध्या टायरमध्ये गाडीचे ओझे हवा पेलते आणि हवा गेली की त्याच्या भिंती दुमडतात. रनफ्लॅटच्या भिंती जाड, ताठ रबराने भक्कम केलेल्या असतात आणि हवेच्या गैरहजेरीत त्या स्वतः ओझे उचलतात. पण प्रत्येक फेऱ्यागणिक त्या वाकतात, तापतात आणि आतल्या आत झिजतात. म्हणूनच बहुतेक उत्पादकांनी ताशी ८० किलोमीटर वेग आणि सुमारे ८० किलोमीटर अंतर अशी हद्द घातली आहे, आणि भरलेली गाडी, घाट व वैशाखातले ऊन यांच्यापुढे ती हद्द अलीकडे सरकते. कोर्टकचेरीच्या भाषेत बोलावयाचे तर ही माफी नव्हे, तहकुबी आहे. आणि तहकुबीच्या मुदतीत पक्षकाराने जेथे पोहोचावयाचे, तेथे त्या मापाचा टायर शिल्लक असला पाहिजे. कऱ्हाडात तो नव्हता. रविवार मध्ये आला. मंडळींना एसटीने पुण्याला रवाना केले; टायर पुण्याहून मागवावा लागला, तो मंगळवारी बसला आणि त्याचे २२,००० रुपये पडले. विमा कंपनीने सांगितले की गाडीला अन्य इजा झालेली नसताना केवळ टायरचे नुकसान पॉलिसीत बसत नाही. इजा झाली असती तरी टायरची निम्मीच किंमत मिळाली असती. सेवाकेंद्राने सांगितले की सर्व काही माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलेले आहे. आहे, हे मी पाहिले. गाडी विकताना मात्र ती पुस्तिका कोणीही उघडून दाखविली नव्हती.

आता जे माझ्याप्रमाणे भाबडे असतील त्यांच्यासाठी चार शब्द. आपले टायर कोणते हे आजच पाहा. टायरच्या बाजूवर आरएफटी, झेडपी, एसएसआर किंवा आरओएफ अशी अक्षरे आढळली तर ते रनफ्लॅट समजावेत. डिकीत स्टेपनी आहे की नाही हेही पाहा, कारण २०२०च्या नियमदुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या गाडीला ती नसली तरी चालते. दिवा लागला की डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, दाबमापकावर ठेवा. ते आणि हवा भरण्याचा लहान पंप गाडीत कायम असू द्या. हवा मोजून भरल्याशिवाय दाबाची नवी नोंद कदापि करू नका. मी यंत्राला रिकाम्या टायरचीच सवय लावून दिली होती. दिवा लागताच किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. एका गाडीला रनफ्लॅट आणि साधे असे मिश्र टायर लावू नका. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेतील मोठ्या गावांत आपल्या मापाचा टायर मिळतो का, हे दोन फोन करून विचारा. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ हा क्रमांक ध्यानात ठेवा. आणि दालनातील स्मित कितीही मधुर असले तरी त्याच्याकडून 'पुढे काय?' या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या.

हापूसची एक पेटी उकाड्याने डिकीतच गेली. दुसरी मी त्या मुलाला दिली, कारण सबंध प्रकरणात स्वतःचे नुकसान करून घेऊन मला खरे सांगणारा तो एकटाच होता. पुढे संधी मिळताच चारही टायर साधे बसवून घेतले. जुन्या पद्धतीची एक स्टेपनी आता डिकीत पट्ट्याने बांधलेली असते. तिच्यामुळे आंब्याच्या दोन पेट्यांना जागा उरत नाही, आणि त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.